बिल्ड हिरवा, काटा जुना: रिलीजवर नजर ठेवायला काय घ्यावं?

निपाणीच्या एका दोस्तानं परवा फोन केला. त्याची सहा माणसांची सॉफ्टवेअर कंपनी, गिऱ्हाईक म्हणजे पतसंस्था आणि तंबाखूचे व्यापारी. "जेन्किन्स सोडून गिटहब अ‍ॅक्शन्सवर जाऊ म्हणायलोय. रिलीज कुठवर गेलं, कुठं अडकलं, काही दिसतच नाही की. तिकडं गेल्यावर दिसंल न्हवं?" दोन्ही साधनांचं काम एकच: कोड बदलला की तो बांधायचा, तपासायचा आणि गिऱ्हाइकाकडं पोचवायचा. त्या एका फेरीला बिल्ड म्हणतात, तिच्या टप्प्यांच्या साखळीला पाइपलाइन, आणि फेरी पास झाली की हिरवा दिवा लागतो. मी म्हटलं, दिसेल बरंच काही, पण तुला जे बघायचंय तेच दिसेल असं नाही. मग अर्धा तास तुकड्यातुकड्यानं जे बोललो ते इथं सलग लिहितोय. बेळगाव, चिकोडी, खानापूर या पट्ट्यात आमच्यासारखी लहान दुकानं बरीच आहेत, आणि हा निर्णय घ्यायची वेळ प्रत्येकावर कधी ना कधी येते.

एक खुलासा आधीच करतो. या लेखात गिट म्हणजे कोड ठेवायचं गिट, बेळगावच्या उद्यमबागेतलं जीआयटी हे इंजिनिअरिंग कॉलेज नव्हे. हसू नका. आमच्याकडं मुलाखतीला आलेल्या एका पोराला "गिटशी ओळख आहे का?" विचारलं, तर तो छाती काढून म्हणाला, "तिथलाच पासआउट आहे सर."

आधी आमचीच फजिती

आम्ही आठ जण. उद्यमबागेतल्या काही फाउंड्र्यांची हीट रजिस्टरं आणि डिस्पॅचचा हिशेब आमच्या सॉफ्टवेअरवर चालतो, शिवाय सीमेलगतच्या एका साखर कारखान्याचे वजनकाटे. काटे चार, प्रत्येक केबिनमध्ये एक लिनक्सचा पीसी आणि एक प्रिंटर. गाळप सुरू होऊन आठवडा झाला होता. पावतीवर उसाची जात आणि गाडीचं रिकामं वजन वेगवेगळ्या ओळीत छापायचं, एवढाच बदल. रात्री पावणेदहाला रिलीज सोडला, जेन्किन्सवर सगळे टप्पे हिरवे झाले, लॅपटॉप मिटला आणि घरी गेलो.

सकाळी सहाला काट्यावरच्या क्लार्कचा फोन. "ओ सर, तीन नंबरचा काटा जुनीच पावती छापायलाय की. बाहेर लाइन लागलीय."

चूक सर्वस्वी आमची होती, आणि साधी होती. जेन्किन्सची शेलची (म्हणजे एकेक कमांड चालवायची) पायरी मुळात "वजा ई" लावून चालते, म्हणजे एखादी कमांड फसली की गाडी तिथंच थांबते. पण आमची डिप्लॉयची, म्हणजे नवं व्हर्जन काट्यावर बसवायची, स्क्रिप्ट वेगळ्या फाइलमध्ये होती आणि तिच्या डोक्यावर "सेट वजा ई" नव्हतं. ती फोर लूपमध्ये, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करत, एकेका काट्यावर जात होती. तिसऱ्या केबिनचं नेटवर्क त्या वेळी पडलेलं. चौथा व्यवस्थित झाला. शेलमध्ये लूपचा निकाल म्हणजे त्यात शेवटी चाललेल्या कमांडचा निकाल. शेवटचा चौथा, तो पास, म्हणून अख्खी स्क्रिप्ट पास. "होस्टकडं जायला रस्ता नाही" ही ओळ लॉगमध्ये सरळ सरळ पडलेली होती. पण हिरव्या बिल्डचा लॉग उघडतो कोण?

दुरुस्तीला दहा मिनिटं लागली. कुठल्या काट्यावर नेमकं कुठलं व्हर्जन आहे हे ठरवायला अडीच तास. कारण क्लार्कनं तीन नंबर सांगितला तरी बाकीचे तीन खरंच नवे आहेत याची आता खात्री कुणालाच नव्हती, आणि एकेका पीसीत शिरून फाइलींच्या तारखा बघण्यापलीकडं उपाय नव्हता.

तेव्हापासून रिलीजवर नजर ठेवायचं कुठलंही साधन कुणी सुचवलं की मी दोनच प्रश्न विचारतो. त्या रात्री पावणेदहाला यानं काय दाखवलं असतं? आणि सकाळी सहाला "कुठं काय चालू आहे" याचं उत्तर किती वेळात दिलं असतं? घाईत असाल तर उत्तरं ही घ्या. कारणं आणि अनोळखी नावांचे अर्थ पुढं आहेत.

| पर्याय | रात्री पावणेदहाला | सकाळी सहाला |
|---|---|---|
| जेन्किन्स, होतं तसंच | सगळं हिरवं | लॉग वाचत बसा |
| गिटहब अ‍ॅक्शन्स, तीच स्क्रिप्ट | सगळं हिरवं | लॉग वाचत बसा |
| जेन्किन्स, गिटहब, गिटलॅब यांपैकी काहीही, पण काट्यागणिक वेगळा जॉब | तीन हिरवे, एक लाल | एक पान उघडलं की कळतं |
| ग्रुपवर मेसेज | "रिलीज झाला", तोही खोटा | मेसेज वर सरकवत बसा |
| काट्यानं स्वतः कळवलेलं व्हर्जन, ग्राफानावर | काही मिनिटांत एक ओळ जुनी दिसते | नजर टाकली की कळतं |
| ओपनटेलिमेट्रीचा ट्रेस | टप्पे कसे पाडलेत त्यावर | त्यासाठी ते नाहीच |
| डोराचे आकडे | काही नाही | काही नाही |

जेन्किन्स, गिटहब, गिटलॅब

तक्त्यातली दुसरी ओळ परत वाचा. गिटहब अ‍ॅक्शन्सही बॅशची पायरी "वजा ई" लावूनच चालवतं, आणि आमची स्क्रिप्ट तिथंही तितक्याच निर्लज्जपणे पास झाली असती. साधन बदललं तरी आत जी गोष्ट एकाच टप्प्यात कोंबलेली आहे तिचा एकच दिवा लागणार. निपाणीच्या दोस्ताला मी पहिल्यांदा हेच सांगितलं.

तरी फरक आहेत, आणि ते पैशाचे व कटकटीचे आहेत.

जेन्किन्स जुनं खोड. कोह्सुके कावागुची यांनी सन मायक्रोसिस्टिम्समध्ये असताना ते हडसन नावानं लिहिलं, २०११ मध्ये त्याचं जेन्किन्स झालं. कित्येक वर्षं त्यात पास झालेल्या बिल्डपुढं हिरवा नव्हे तर निळा गोळा दिसायचा, कारण कर्ता जपानी आणि जपानीत सिग्नलच्या हिरव्यालाही निळा म्हणतात. जगभरच्या लोकांना ते इतकं खटकलं की गोळे हिरवे करण्यापुरतं एक वेगळं प्लगइन निघालं. प्रत्येक जॉबपुढं हवामानाचं चित्र असतं, ते शेवटच्या पाच बिल्डवरून ठरतं: पाचही पास तर ऊन, सगळे नापास तर गडगडाट. आमच्या त्या जॉबपुढं फोन आला तेव्हाही लख्ख ऊन होतं.

जेन्किन्सचा फायदा म्हणजे ते तुमच्या स्वतःच्या पीसीवर चालतं, मिनिटं मोजत नाही. तोटा म्हणजे दिसणं हे सगळं प्लगइनांच्या भरवशावर. ब्लू ओशन नावाचा देखणा पडदा कुणी सुचवला तर आता त्याच्या नादी लागू नका, त्यात नव्या सोयींची भर थांबली आहे. पाइपलाइन ग्राफ व्ह्यू हे प्लगइन घ्या. आणि एक फुकटची युक्ती: पाइपलाइनमधून बिल्डचं नाव आणि वर्णन बदलता येतं. "#२१८" ऐवजी "काटे ४१३, कारखाना" असं नाव दिसायला लागलं की यादी वाचण्याजोगी होते. दोन ओळींचं काम, आम्ही चार वर्षं केलं नव्हतं.

गिटहब अ‍ॅक्शन्स २०१९ च्या नोव्हेंबरात सर्वांसाठी खुलं झालं. फुकटच्या प्लॅनवर खाजगी रिपॉझिटरींना (कोडच्या कोठारांना) महिन्याला २,००० मिनिटं मिळतात. आठ माणसांना ती पुरतात, टेस्ट फार लांबल्या नाहीत तर. लॉग डिफॉल्टनं ९० दिवस राहतात. म्हणजे ऑक्टोबरात सोडलेल्या रिलीजचा लॉग फेब्रुवारीत, ऐन गाळपात, मिळणार नाही. हे आधी माहीत असलेलं बरं. मला यात सगळ्यात आवडते ती स्टेप समरी: पायरी चालताना एका ठरलेल्या फाइलमध्ये मार्कडाउन (साध्या खुणांनी मांडलेला मजकूर) लिहायचं, ते त्या रनच्या पानावर जसंच्या तसं तक्ता होऊन दिसतं. लॉग न उघडता. काट्याचं नाव, जुनं व्हर्जन, नवं व्हर्जन, एवढ्या तीन रकान्यांनी आमची सकाळ वाचली असती.

दुसरी गोष्ट मॅट्रिक्स. चार काटे म्हणजे चार वेगळे जॉब, चार वेगळे दिवे. इथं एक खड्डा आहे: "फेल फास्ट" डिफॉल्टनं चालू असतं, म्हणजे एक काटा फसला की उरलेले चालू आणि रांगेतले जॉबही रद्द होतात. टेस्टसाठी ते ठीक. काट्यांसाठी एकाचं नेटवर्क पडलं म्हणून बाकी तिघांना अर्ध्यात सोडायचं का, हे तुम्ही ठरवा. आम्ही ते बंद ठेवतो.

गिटलॅब हे गिटहबसारखंच. त्यात एन्व्हायर्नमेंट्स नावाचं पान फुकटच्या प्लॅनवरही आहे. प्रत्येक ठिकाणी शेवटचं डिप्लॉय कुठलं, कधी, कुणी केलं, हे तिथं ओळीनं दिसतं. "कुठं काय आहे" या प्रश्नाला तिघांतलं हे सर्वांत सरळ उत्तर, आणि नव्यानं सुरुवात करणाऱ्याला मी एरवी डोळे झाकून हेच सांगितलं असतं. पण गिटलॅबच्या साइटवर फुकट वापरायचं तर मिनिटं ४०० आणि खाजगी ग्रुपला माणसं ५. दोस्ताचे सहा, आमचे आठ. स्वतःच्या सर्व्हरवर बसवलं तर माणसांची अट नाही, मात्र ते मेमरी भरपूर खातं आणि त्याची अपडेटं सांभाळायला कुणाला तरी रविवार द्यावा लागतो.

आणि या तिन्हींची एक हद्द आहे, ती विसरू नका. हे पडदे सांगतात आपण काय पाठवलं. पोचलेलं अजून तिथं आहे का, पीसी बंद पडून कुणी जुनी डिस्क तर लावली नाही ना, हे पाइपलाइनला कळायचा मार्गच नाही. कारखान्याच्या इलेक्ट्रिशियननं मागच्या हंगामातला पीसी कपाटातून काढून लावला, असं आमच्याकडं एकदा झालंय.

ग्रुपवर मेसेज

सगळे इथूनच सुरुवात करतात, आम्हीही केली. टेलिग्रामचा बॉट फुकट आणि तासाभरात होतो. स्लॅकच्या फुकट प्लॅनवर ९० दिवसांपलीकडचे मेसेज दिसत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅप सर्वांच्या हातात असतं हे खरं, पण अधिकृत रस्त्यानं जायचं तर मेसेजचा नमुना आधी मंजूर करून घ्यावा लागतो, आणि आडवाटेनं जाऊन ऑफिसचा नंबर बंद पडला तर गिऱ्हाइकाचे फोन कुठं घेणार?

मेसेजचं खरं दुखणं वेगळंच आहे. पहिल्या आठवड्यात प्रत्येक बिल्डचा मेसेज यायचा, सगळे वाचायचे. दुसऱ्या आठवड्यात ग्रुप म्यूट. त्यानंतर फक्त नापास बिल्डचा मेसेज ठेवला, तर उलटी पंचाईत: दिवसभर शांतता असली की सगळं ठीक आहे की बॉटच मेला आहे, ते कळेना. यावर हेल्थचेक्स डॉट आयओसारखी सोय चांगली. तिथं हिशेब उलटा असतो. तुमच्या जॉबनं ठरल्या वेळी "मी आहे" असं कळवायचं. कळवलं नाही तर ती ओरडते. कोड खुला आहे, स्वतःकडंही बसवता येतं.

भाषेचा एक मुद्दा. आमच्या आठात तिघांची मायबोली कन्नड. सुरुवातीला मी हौसेनं मराठीत लांबलचक मेसेज लिहिले, मग गोकाकच्या पोरानं त्याखाली कन्नड जोडलं, मग मेसेज एवढा लांब झाला की कुणीच वाचेना. आता एक ओळ असते: काट्याचा नंबर, जुनं व्हर्जन, नवं व्हर्जन, वेळ. आकड्यांवरून इकडं आजवर भांडण झालेलं नाही.

प्रोमीथियस आणि ग्राफाना

इथं थोडं रेंगाळतो, कारण आम्ही शेवटी इथं थांबलो आणि इथंच दोनदा आपटलो.

प्रोमीथियस आकडे गोळा करून साठवतं, ग्राफाना ते फलकावर दाखवतं. प्रोमीथियस २०१२ मध्ये साउंडक्लाउड या कंपनीत सुरू झालं. त्याची रीत अशी की ते स्वतः प्रत्येक ठिकाणी जाऊन आकडे ओढून आणतं. सर्व्हर एका जागी असतील तर झकास. आमचे काटे कारखान्याच्या राउटरमागं, रिलीजची वेळ सोडली तर बाहेरून तिथं पोचायची सोय नाही. म्हणजे ओढून आणणं बंद. मग पुशगेटवे घातला: काट्यानं आकडा तिथं ढकलायचा, प्रोमीथियसनं तिथून उचलायचा. आठ दिवस फलक देखणा. नवव्या दिवशी लक्षात आलं की दोन नंबरचा पीसी आठवडाभर दुरुस्तीला गेलेला आहे, आणि फलकावर तो आपला ठणठणीत. पुशगेटवे शेवटचा आकडा आपण पुसेपर्यंत धरून ठेवतो, ढकलणारा जिवंत आहे की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नाही. शेवटचं कधी ढकललं त्याची वेळ तो वेगळी देतो, ती फलकावर लावायला हवी होती. कागदपत्रात हे स्वच्छ लिहिलंय. आम्ही वाचलं नव्हतं.

आता प्रत्येक काटा दर पाच मिनिटांनी आमच्या सर्व्हरला एक छोटी हाक मारतो: मी कोण, माझ्यावर व्हर्जन कुठलं. सर्व्हर ते वेळेसकट एका टेबलात ठेवतो, प्रोमीथियस त्या सर्व्हरवरून वाचतो, ग्राफाना दाखवतो. व्हर्जनसाठी पद्धत रूढ आहे: मेट्रिकची (म्हणजे कळवायच्या आकड्याची) किंमत नेहमी १, आणि व्हर्जन त्याला चिकटवलेल्या लेबलात. फलकावर दोन रकाने शेजारी शेजारी, "असायला हवं" आणि "आहे". दोन्ही जुळले नाहीत किंवा पंधरा मिनिटं हाक आली नाही तर ओळ लाल.

"हवं" आणि "आहे" ही जोडी आमची अक्कल नव्हे. कुबरनेटिस म्हणजे अनेक सर्व्हरांच्या जथ्यावर (क्लस्टरवर) सॉफ्टवेअर चालवायची व्यवस्था. ती वापरणाऱ्यांच्या आर्गो सीडीत हेच आहे: गिटमध्ये जे लिहिलंय ते आणि क्लस्टरवर जे चाललंय ते जुळलं तर "सिंक्ड", नाही तर "आउट ऑफ सिंक". तुमचं सगळं कुबरनेटिसवर असेल तर हा लेख इथंच सोडा आणि आर्गो सीडी बसवा. काट्याच्या केबिनमधल्या जुन्या पीसीवर ते बसवायला जाऊ नका, एवढंच.

खर्च म्हणाल तर साधनं फुकट, वेळ आमचा गेला: हाक आणि टेबल दोन दिवस, फलक एक दिवस, पुशगेटवेचा धडा आठ दिवस. प्रोमीथियस डिफॉल्टनं १५ दिवसांचेच आकडे ठेवतं, ते वाढवून घ्या. ग्राफानात अ‍ॅनोटेशनची सोय आहे, रिलीज झाला त्या क्षणी आलेखावर उभी रेघ येते. एखाद्या फाउंड्रीचा फोन आला की "कालपासून स्लो झालंय", तर रेघेच्या अलीकडं बघायचं की पलीकडं, ते लगेच कळतं. बऱ्याचदा दोष आमच्या रेघेपाशीच निघतो.

फलकासाठी भिंतीवर एक टीव्हीही घेतला होता. आयपीएल सुरू झाल्यापासून त्याच्यावर काय असतं ते सांगायला नको.

ट्रेस आणि आकडे

फाउंड्रीत प्रत्येक जॉबबरोबर रूट कार्ड फिरतं. मोल्डिंग कधी, ओतकाम कधी, फेटलिंगला (साफसफाईला) कधी गेलं, कुठं दोन दिवस पडून राहिलं. ओपनटेलिमेट्रीचा ट्रेस म्हणजे बिल्डचं रूट कार्ड: प्रत्येक टप्प्याला सुरुवात, शेवट, आणि कोण कोणाच्या पोटात. ओपनट्रेसिंग आणि ओपनसेन्सस हे दोन प्रकल्प २०१९ मध्ये एकत्र येऊन ते झालं. जेन्किन्ससाठी त्याचं प्लगइन आहे, ट्रेस बघायला जेगर चालतं. पाइपलाइन चाळीस मिनिटं घेते आणि कुठं घेते ते कळत नाही, हे तुमचं दुखणं असेल तर याला तोड नाही. आमची पाइपलाइन सहा मिनिटांची. एकदा लावून बघितलं, डिपेंडन्सी (लागणारी तयार कोडची पॅकेजं) उतरवण्यात तीन मिनिटं जातात एवढं कळलं, ती साठवून ठेवणारी कॅश लावली, नंतर कुणी उघडलं नाही.

डोरा या संशोधन गटाचे मूळचे चार आकडे म्हणजे रिलीज किती वेळा, बदल लिहिल्यापासून पोचेपर्यंत किती वेळ, किती रिलीज बिघडले, सावरायला किती वेळ. अपाचे डेव्हलेक ते फुकटात काढून देतं, गिटलॅबमध्ये ते सर्वांत महागड्या प्लॅनवर आहेत. पन्नास-साठ माणसं आणि दिवसाला अनेक रिलीज असतील तर त्यांना अर्थ आहे. महिन्याला तीन रिलीज सोडणाऱ्यानं त्यांची सरासरी काढून काय करायचं? एक रिलीज बिघडला की आकडा ३३ टक्के, नाही बिघडला की शून्य. मोठ्या गिऱ्हाइकानं टेंडरमध्ये मागितले तर काढून द्या.

मग घ्यायचं काय?

दोघं-तिघं असाल आणि सगळं एकाच क्लाउड सर्व्हरवर असेल तर गिटहब अ‍ॅक्शन्स, स्टेप समरी आणि नापास बिल्डचा एक मेसेज. त्यापुढं जाऊ नका. पाच जणांपर्यंत असाल आणि अजून कुठंच बांधलेले नसाल तर गिटलॅब. जेन्किन्स आधीच चालू असेल, त्याची अंगवळणी पडलेली माणसं असतील, तर फक्त "दिसावं" म्हणून ते सोडायची गरज नाही. स्क्रिप्टच्या डोक्यावर "सेट वजा ई" लिहा, ठिकाणागणिक टप्पे वेगळे पाडा, बिल्डला नाव द्या. आणि तुमचं सॉफ्टवेअर गिऱ्हाइकाच्या जागेत, त्याच्या पीसीवर बसत असेल, इकडं बहुतेकांचं बसतं, तर पाइपलाइनच्या पडद्यावर आणखी एक रुपया घालण्याआधी त्या पीसीला स्वतःचं व्हर्जन सांगायला शिकवा.

यातली सगळ्यात स्वस्त तजवीज तर कुठल्याच साधनात नाही. आम्ही आता व्हर्जनचा आकडा पावतीच्या तळाशी, उजव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात छापतो. निपाणीच्या दोस्ताला ती एवढी पटली की पतसंस्थेच्या पासबुकाच्या प्रिंटवर कुठं जागा आहे ते तो फोनवरच शोधायला लागला.

मागच्या हंगामात एकदा फलकाचा सर्व्हरच रात्री बंद पडला. सकाळी त्याच क्लार्कचा फोन. "सर, तीन नंबरला खाली ४२० हाय, बाकीच्यांना ४२१. सोडू का गाड्या, का थांबू?"

मी अजून अंथरुणातच होतो. म्हटलं, सोडा.